अक्का, रेवाची शाळा ठरली

अक्का,

रेवाची शाळा ठरली. ही गोष्ट सगळ्यांत आधी तुम्हाला सांगायची म्हणून मी कितीदा तरी घरातून उठून गोठ्याकडे गेले. तिथं तुमच्यावाचून आप्पा एकटेच धार काढत बसलेले दिसले की परत फिरले. लग्न होऊन या वस्तीवर आले तेव्हापासून घरातली बरीवाईट बातमी पहिल्यांदा तुमच्याच कानावर घालायची सवय. मोठी जाऊ म्हणून नव्हे, तुम्ही ऐकायचात म्हणून. पाय अजून त्याच वाटेनं जातात.

अंथुर्ण्याच्या चौकात तुमचा फ्लेक्स लागला होता. तुमच्या थोरल्यानं पुण्याहून येताना करून आणला. त्यावर तुम्ही हसताय. फोटो काढताना तुम्ही कधी हसला नाहीत हे त्या फ्लेक्सवाल्याला कुठून माहीत असणार? त्यानं कॉम्प्युटरवर ओठ जरा वर ओढले असतील. रोज इंदापूरला लॅबमध्ये जाताना बसच्या खिडकीतून मी त्या बाईकडे बघायचे आणि वाटायचं, ही कोण? मग उन्हानं फ्लेक्सचा रंग उडत गेला, ओठ पुसट झाले, आणि हळूहळू तो चेहरा तुमच्यासारखा दिसायला लागला. शेवटी शेवटी तर मी त्या बाजूच्या सीटवर बसणंच सोडलं.

तुमच्यामागं लोक तुमच्याबद्दल खूप बोलले. सगळं चांगलं बोलले आणि ते खरंही होतं. माझ्याजवळ मात्र राहिलंय ते आपलं भांडण. तुम्ही गेलात तरी ते थांबलेलं नाही.

रेवा लहानपणापासून गप्प. मी लॅबमध्ये, विलास एमआयडीसीतल्या कंपनीत पाळीवर, त्यामुळे पोर वाढली ती तुमच्या पदराखाली. पाचवीला तिनं स्कॉलरशिप काढली, गणितात पैकीच्या पैकी, पण वर्गात गुरुजींनी नाव विचारलं तरी मान खाली. पाहुण्यारावळ्यांत बायका तिच्यादेखत मला विचारायच्या, हिला बोलता येतं ना? मी हसून वेळ मारून न्यायचे. तुम्ही त्या बायकांना चहासुद्धा जरा उशिरा द्यायचात.

तुमच्यापाशी ती बोलायची. एकदा मी लवकर घरी आले तेव्हा गोठ्यामागं उभी राहून ऐकलं होतं. तुम्ही वैरण टाकत होतात आणि म्हशीच्या, कुणाच्या तरी लग्नातल्या खारट आमटीच्या गोष्टी सांगत होतात. तिला एकही प्रश्न विचारत नव्हतात. मध्येच थांबायचात. त्या थांबलेल्या जागेत रेवा बोलायला लागायची. शनीभोवतीची कडी कशाची असतात ते ती तुम्हाला समजावून सांगत होती आणि तुम्ही “व्हय?” एवढंच म्हणत होतात. माझ्या पोरीचा आवाज इतका मोकळा आहे हे मला त्या दिवशी कळलं. मी पाऊल न वाजवता पुढच्या दारानं घरात आले. तुम्हाला हे कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तुम्ही लाजला असतात.

गावची जिल्हा परिषदेची शाळा सातवीला संपते. गावात हायस्कूल आहे, पण तिथली मोठी पोरं रेवाला रस्त्यात बघून आत्ताच ‘मुकी’ म्हणायची. विलासच्या कंपनीतल्या एकानं बारामतीच्या पुढं माळावर असलेल्या निवासी शाळेचं सांगितलं. वर्गात मोजकी मुलं, चांगली प्रयोगशाळा, भलंमोठं वाचनालय. मी तिला प्रवेशपरीक्षेला बसवलं आणि ती पास झाली. मुलाखत मे महिन्यात होती.

तुम्हाला सांगितलं तेव्हा तुम्ही भाकरी थापत होतात.

“कुठं म्हणलीस?” तुम्ही विचारलंत.

मी परत जागा सांगितली. तुमचा हात परातीतच थांबला. तव्यावरची भाकरी करपून धूर निघाला तरी तुम्ही हलला नाहीत. मग म्हणालात, “तितं न्हाय.”

कारण दिलं नाहीत. त्यानंतर घरात हाच एक विषय. मी म्हणायचे, तिथं तिच्यासारखी पुस्तकात रमणारी मुलं भेटतील, इथं कोण आहे तिला? तुम्ही म्हणायचात, गावातल्या हायस्कुलात घाला, पोरं चिडवतील आन् गप बसतील, पण संध्याकाळी पोर घरी येईल. विलास म्हणायचा, तुम्ही दोघी ठरवा. आप्पा काहीच बोलायचे नाहीत. एकदा मी चिडून विचारलं, अक्का, तुम्ही काय तिला जन्मभर पुरणार आहात का?

तुम्ही रागावला नाहीत. “न्हाय पुरायची,” म्हणालात. “म्हणून तर सांगतीया.”

त्या शेवटच्या सकाळी मी डबा भरून निघाले होते. तुम्ही विळा घेऊन शेताकडे चालला होतात. अंगणात थांबलात आणि म्हणालात, “सुजाता, आज लवकर ये. तुला येक सांगायचं हाय. पोरीच्या म्होरं न्हाय.” लॅबमध्ये त्या दिवशी तपासणी शिबिर होतं. मी म्हणाले, संध्याकाळी बसू निवांत. तुम्ही मान हलवलीत आणि उसाच्या कडेनं निघून गेलात.

पुढचं तुम्हाला माहीत आहे की नाही, मला माहीत नाही. म्हणून सांगते.

रेवाची तेव्हा सकाळची शाळा होती. दुपारी ती घरी आली, तुमची भाकरी आणि पाण्याची कळशी घेऊन शेतातल्या जांभळीकडे गेली. आप्पा पलीकडच्या बांधावर उसाला पाणी देत होते. त्यांना दोघी दिसल्या. तुम्ही जांभळीच्या बुंध्याला टेकून बसलेल्या, रेवा समोर मांडी घालून. रेवा बोलत होती. बोलायची, थांबायची, मान डोलवायची, परत बोलायची. नेहमीचंच, म्हणून आप्पा आपल्या कामात राहिले. बराच वेळ ते चाललं होतं. पाणी शेवटच्या सरीला पोचलं तेव्हा ते जेवायला म्हणून आले. भाकरी फडक्यात तशीच होती. रेवा त्यांच्याकडे बघून उठली आणि तुमच्या तोंडावरची माशी हाकलून म्हणाली, “आप्पा, अक्काला ऊन लागतंय.”

मी दवाखान्यात पोचले तेव्हा डॉक्टर म्हणाले, मेंदूतली रक्तवाहिनी फुटली, फार त्रास झाला नसेल. मी तुमचा हात हातात घेतला. तो कोपरात वाकेना. अक्का, माझं कामच तसलं, मला या गोष्टी कळतात. मी डॉक्टरांना बाजूला घेऊन विचारलं आणि ते म्हणाले, सकाळीच गेल्या असणार. रेवा शाळेतून सुटायच्या कितीतरी आधी.

मी हे आप्पांना सांगितलं नाही. पण त्यांनी तो हात उचलून छातीवर ठेवायचा प्रयत्न केला होता. मला वाटतं, त्यांनाही कळलं होतं.

दहाव्याला ओढ्याच्या काठी पिंड ठेवला. कावळे होते; बाभळीवर रांगेनं बसले होते. एकही खाली उतरेना. थोरला म्हणाला, आई, मी आप्पांना अंतर देणार नाही. धाकटा म्हणाला, आई, मी लग्न करतो. कावळे बसून राहिले. आप्पांनी हात जोडले, जनावरं विकणार नाही म्हणाले. तुमच्या माहेरची माणसं म्हणाली, काहीतरी राहिलंय मनात. मी मनातल्या मनात म्हणाले, अक्का, नाही पाठवत तिला. तरी काही नाही. ऊन डोक्यावर आलं. भटजी दर्भाचा कावळा करायला लागले, एवढ्यात रेवा बायकांतून उठली, पिंडाजवळ जाऊन उकिडवी बसली आणि काहीतरी पुटपुटली. ती वळायच्या आत कावळा उतरला.

तिला सगळ्यांनी विचारलं, काय म्हणालीस? ती नुसती माझ्या पदराआड आली.

नंतर ती पंधरा-वीस दिवस एक शब्द बोलली नाही. मला नवल वाटलं नाही. मग एका दुपारी मी पापड वाळत घालत होते आणि गोठ्याकडून हाक आली, “हिकडं हो गं, सरक जरा, पाय देशील पोरीवर.” तुमचा आवाज. बारीक होता, पण तुमचाच. अंगणात बाजेवर पडलेले आप्पा झोपेतच “काय गं?” म्हणाले, आणि मग उठून बसले. माझ्या हातातला पापड मोडला. गोठ्यातून रेवा आली, हातात पाटी, शेणानं भरलेली, आणि तुमच्यासारखी कमरेत जराशी कलून चालत होती.

तेव्हापासून ती बोलायला लागली, पण तुमचं बोलणं. हाय, न्हाय, व्हय. मी तिच्याशी जन्मापासून शाळेतलं मराठी बोलत आले आणि ती आता मला म्हणायची, “आई, ताटं वाढू का? तुमी बसा.” तिनं मला तुमी म्हणावं! विलास म्हणाला, लहान आहे, आठवण येते म्हणून नक्कल करते. खरं असेल. पण नक्कल करणारं माणूस समोरच्याकडे बघतं, जमतंय का ते. रेवा बघत नव्हती.

मुलाखतीला मी गेले ती नाही म्हणून सांगायलाच. कावळ्यासमोर तसं बोलले होते ना. पण तारीख दिलेली होती, विलास म्हणाला, निदान तोंडानं सांगून ये. मुख्याध्यापिका बाई साध्या, हसऱ्या होत्या. मी काही बोलायच्या आत त्यांनी रेवाला विचारलं, तुला इथं राहायला आवडेल का? मी सवयीनं उत्तर द्यायला पुढं सरकले. रेवानं मान वर केली. दोन्ही हात मांडीवर पालथे ठेवले.

“खाट भित्तीकडची देऊ नका,” ती म्हणाली. “भित्तीकडं तोंड करून निजलेली पोर जागी हाय का झोपली, ते कुणाला कळत न्हाय. बाई कंदील घिऊन येती, पाठ बघती आन् माघारी जाती.”

बाई हसल्या. म्हणाल्या, बाळा, आमच्याकडे आता कंदील कुठला, जनरेटर आहे. मग त्यांचं हसू जरा कमी झालं. हे तुला कुणी सांगितलं, त्यांनी विचारलं.

“अक्कानं.”

माझी मोठी जाऊ, मी म्हणाले. तर बाई म्हणाल्या, पुढच्या वेळी त्यांनाही घेऊन या, घरची माणसं येऊन गेली की मुलं लवकर रुळतात. मी बरं म्हणाले. नाही सांगायचं ते राहूनच गेलं.

परतताना एका लिंबाखाली मी विलासची गाडी थांबवली. रस्ता सुनसान होता, उसाची पानंही हलत नव्हती. मी रेवाला विचारलं, अक्का हे तुला कधी बोलली? ती म्हणाली, त्या दिवशी. मी विचारलं, सकाळी, शाळेत जाताना? ती म्हणाली, “न्हाय. मी भाकरी घिऊन गेले तवा.”

मी गाडी सुरू केली. आणखी विचारायचं धाडस झालं नाही.

पुढच्या आठवड्यात आप्पांना घेऊन मी तुमच्या माहेरी, कऱ्हाटीला गेले. तुमच्या भावाला, भीमरावमामांना, सरळच विचारलं, अक्का कधी वसतिगृहात होत्या का? मामांनी आप्पांकडे बघितलं. मग म्हणाले, “आमच्या आईनं शपथ घातली हुती, सासरी बोलायचं न्हाय म्हणून. लोक म्हणले असते, पोरीच्या डोक्यात फरक हाय.”

आणि त्यांनी सांगितलं. तुम्ही सातवीला शाळेत पहिल्या आला होतात, अक्का. तुम्ही! माझ्या पोरीचं गणिताचं पुस्तक हातात धरून “मला काय कळतंय त्यातलं” म्हणणाऱ्या. वडिलांनी हौसेनं तुम्हाला मुलींच्या बोर्डिंगात घातलं. तुम्ही मुळातच गप्प. तिथं कुणी बोलायला नाही, तर तुम्ही बोलणंच सोडलंत. दिवाळीला घरी आलात त्या वाळून, आणि मुक्या. सुट्टी संपल्यावर परत पाठवलं. मग ताप आला. भिंतीकडे तोंड करून पडून होतात, सगळ्यांना वाटलं झोपलीये. वडील सहज भेटायला गेले म्हणून वाचलात. तो अख्खा उन्हाळा तुम्ही बोलला नाहीत. तुमची चुलती तुम्हाला शेतात घेऊन जायची आणि दिवसभर आपल्यापुरतं बोलत राहायची, काही न विचारता. पावसाळ्याच्या तोंडाला एक दिवस तुम्ही तिला म्हणालात, दमलीस का? शाळेचं नाव मात्र पुन्हा निघालं नाही.

आप्पा ऐकत होते. तुमच्याबरोबर सगळा संसार केलेला माणूस. त्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि मामांना विचारलं, बोर्डिंग कुठं होतं?

“बारामतीच्या म्होरं, माळावर,” मामा म्हणाले. “कौलारू खोल्या हुत्या. कवाच बंद पडलं ते. आता त्याच जागंवर मोठी शाळा झालीया म्हणं.”

घरी येताना आप्पा एकदाच बोलले. “मला सांगितलं आसतं तर मी काय केलं आसतं?” ते तुम्हाला विचारत होते, मला नाही.

मला वाटलं, संपलं भांडण. तुम्ही जिंकलात. त्या संध्याकाळी मी विलासला सगळं सांगितलं आणि म्हणाले, त्या जागेवर माझी पोर जाणार नाही. इंदापूरच्या मुलींच्या शाळेत घालू, माझ्याबरोबर येईल-जाईल. तो लगेच हो म्हणाला. विलासचं म्हणणं असं, अक्का, की खाटेचं ते तुम्हीच कधीतरी गोठ्यात पोरीला सांगितलं असणार, तिच्या डोक्यात दिवसांची गल्लत झाली. मीही तेच धरून ठेवलं. रेवाला जवळ बसवून सांगितलं, तू इंदापूरला जाणार. तिनं ऐकून घेतलं. तिच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, “अक्काला काय वाटतं?”

दिवसभर काचेवरचं रक्त तपासणारी बाई मी. मी हे विचारलं.

रेवा म्हणाली, “अक्का म्हणती, जाऊ नको.” मग थांबली, आणि जी बोलली ती माझी रेवा होती, स्वच्छ, तिच्या स्वतःच्या बोलीत. “पण मला जायचंय, आई. तुम्ही सगळे भांडलात, मला कुणी विचारलंच नाही.”

का जायचंय, मी विचारलं. वाचनालय, म्हणाली. तिथं परीक्षेच्या दिवशी तिनं खिडकीतून दुर्बीण बघितली होती. आणि मग अगदी सहज, “आणि मी शब्द दिलाय. कावळा शिवत नव्हता तेव्हा. एक पोर तिथंच राहिली, असं अक्का जांभळीखाली म्हणाली. मी म्हणाले, मी जाते तिच्याकडे.”

विलास उठून बाहेर गेला. मी नाही म्हणाले, सरळ नाही. पण दारात आप्पा उभे होते, त्यांनी सगळं ऐकलं होतं. या घरात शाळेच्या गोष्टीत ते कधी बोलले नव्हते. “पाठवा,” ते म्हणाले. “पिंडाम्होरं दिलेला शबूद हाय. आन् पोरीनं पयल्यांदाच काय तरी मागितलंय.”

अक्का, तुम्ही असतात तर ती गेली नसती. हे मला पक्कं माहीत आहे, आणि म्हणूनच मला अजून तुमच्याशी भांडायचंय. तुम्ही तिला जाऊ नको म्हणता, आणि तीच तुमच्यासाठी जाते. मी कुणाचं ऐकायचं होतं? मी एकच अट घातली, वजन घटलं की त्या दिवशी घरी. जूनमध्ये तिला सोडून आले. खाट खिडकीकडची मिळाली. मी गाडीत बसेपर्यंत ती फाटकात उभी होती, रडली नाही. मी मात्र घरी येईस्तोवर रडले, आणि आप्पांनी माझ्यासमोर चहाचा कप आणून ठेवला. त्यांनी चहा केला, अक्का! साखर घालायला विसरले होते.

गेल्या रविवारी पालकांना भेटायला बोलावलं होतं. मी लॅबमधला वजनकाटा पिशवीत घालून गेले, विलास हसला. रेवाचं वजन वाढलंय. तिला करमाळ्याची एक मैत्रीण मिळालीये, दोघी दुर्बिणीसाठी रांगेत पहिल्या असतात म्हणे. वर्गात तिनं हात वर करून उत्तर दिलं, हे सांगताना तिच्या सरांना एवढं काय कौतुक ते कळलं नसेल, पण विलासनं त्यांना परत सांगायला लावलं. बोलणंही तिचं स्वतःचं झालंय. हाय-न्हाय गेलं. मला जरा चुकल्याचुकल्यासारखं झालं.

मग वॉर्डन बाईंनी मला बाजूला घेतलं. म्हणाल्या, मुलगी छान आहे, एवढंच आहे की तिच्या शेजारची भिंतीकडची खाट रिकामी आहे, जिची होती ती मुलगी आलीच नाही. रेवा झोपायच्या आधी त्या खाटेकडे बघून हळू बोलत असते. घरच्या गोष्टी, म्हशीच्या, ताऱ्यांच्या. प्रश्न असा एकही विचारत नाही. नवीन मुलं असं काहीबाही करतात, होईल कमी, काळजी करू नका.

मी रेवाला तिच्या खोलीत गाठलं. दुपार होती, सगळी मुलं बाहेर पालकांजवळ, लांबच लांब खोलीत आम्ही दोघीच. मी विचारलं, कुणाशी बोलतेस गं?

ती जराही दचकली नाही. “ती अजून बोलत नाही,” म्हणाली. “पण आता तोंड इकडं करून झोपते.”

बाहेरून तिच्या मैत्रिणीनं हाक मारली आणि ती पळत गेली. पळत, अक्का. रेवा कुणाच्या हाकेला पळत गेलेली मी पहिल्यांदा बघितली.

मी तिथंच उभी राहिले. पोरीला आत्ताच्या आत्ता घरी न्यावं असं वाटलं, आणि ती पळतानाची डोळ्यांसमोरून जाईना. मग मी त्या रिकाम्या खाटेच्या कडेला बसले. खिडकीतलं ऊन तिथवर येत नव्हतं. गादीला चादरसुद्धा नव्हती. पण हात टेकला तर ती उबदार लागली, नुकतंच कुणी उठून गेल्यासारखी.

मला भीती वाटली, नाही म्हणत नाही. पण उठवलं नाही माझ्याच्यानं. मी बोलायला लागले. गोठ्यात तुम्ही बोलायचात तसं, काही न विचारता. म्हैस व्यायली, रेडी झाली. धाकट्याला निमगाव केतकीची मुलगी पसंत पडलीये. आप्पा रोज चहा करतात, आता साखर जमायला लागलीये. तुम्हाला त्या सकाळी मला जे सांगायचं होतं ते मला कळलंय. आणि सातवीला पहिली आलेल्या मुलीला मी सांगितलं, की तू वाढवलेल्या पोरीनं वर्गात हात वर केला.

किती वेळ गेला कळलं नाही. दारात रेवा येऊन उभी राहिली होती, जेवायला बोलवायला. तिनं माझ्याकडे बघितलं, मग माझ्या शेजारी, आणि आवाज जरा खाली आणून विचारलं, “झालं का दोघींचं बोलून?”

मी हो म्हणाले आणि तिच्याबरोबर गेले. पण झालं नाही, अक्का.